बावीस नंबरचं दार

विश्रामबागेतल्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर,
जिथं आधी खडूच्या पेट्या असायच्या
तिथं आता सर्व्हर आहे.
त्याच्या पंख्याच्या पात्यांवर अजून हळदीची पूड:
पुराच्या वर्षी आदगोंडा मामांनी तो
मार्केट यार्डातल्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून
तळमजल्यावरून खांद्यावर वर आणला होता.
"बंद करू नको त्याला," पहिल्या दिवशी एवढंच म्हणाले,
"चारशे दिस झालं, निजला न्हाई."

ती पूड पुसायचं मनात होतं. राहिलं.

मी सन्मती चौगुले. पीएचडी, वर्ष पहिलं.
विषय: तासगावच्या बेदाणा शेडमधली हवा.
सहा शेडमध्ये सहा डबे,
दर दहा मिनिटांनी एक आकडा पाठवतात, दमटपणाचा.
आकडे ठेवायचे कुठं, हे विषयात नव्हतं.
उपाध्ये मॅडम म्हणाल्या, "सर्व्हर आता तूच बघ,
शिरगुप्पे नोकरीला लागला."
शिरगुप्पे एका चिठोऱ्यावर पासवर्ड ठेवून गेला,
आणि त्याखाली: सुडो लिहिण्याआधी पाणी पी.

मी पाणी प्यायले. महिनाभर प्यायले.
काळ्या पडद्यावर परवानगी नाही, परवानगी नाही,
मग कळलं, सुडो लावलं की कुणीच अडवत नाही,
आणि त्या दिवसापासून जास्त भीती वाटू लागली.
मेसच्या रांगेत ताट धरून पुटपुटायची:
यादी दाखव, जागा बदल, मी कुठं आहे.
निलोफर मागून म्हणाली,
"एवढंसुद्धा यंत्राला विचारावं लागतं तुला?"

मार्चमधली रात्र. होस्टेलचं फाटक साडेनऊला बंद,
रेक्टरबाईंची वही, सही, वेळ.
लॉग वाचत होते. कुणीतरी अनोळखी
दर चार सेकंदांनी आमचं दार वाजवत होतं,
ॲडमिन, टेस्ट, गेस्ट, खोटी नावं सांगत.
मला राग आला.
अकरा वाजता, खाटेवर मांडी घालून,
मी भिंत उभी केली. सगळ्यांना बंदी.
एंटर.

सगळ्यांत मीही होते.

कर्सर थिजला.
पुन्हा बावीस नंबरवर गेले, पुन्हा, तिसऱ्यांदा.
नकारसुद्धा आला नाही.
नकार बरा असतो, पलीकडे कुणी आहे एवढं तरी कळतं.
फाटकाला एक कुलूप, रेक्टरबाईंचं.
सर्व्हरला एक, माझं.
आणि तिकडं तासगावात सहा डबे
दर दहा मिनिटांनी आपापला आकडा घेऊन येत होते
आणि दारातूनच परत जात होते.

साडेआठला मामा आले, कमरेला किल्ल्या,
काखेत जुना कीबोर्ड.
"किल्ली आत ऱ्हायली व्हय?"
"हो."
"माझी दोनदा ऱ्हायलीय. एकदा तर लेकीच्या लग्नात."
मग ते खडूच्या पेटीवर बसून राहिले,
मी यंत्राच्या तोंडापाशी उभी राहून लिहिलं:
आधी बावीसला येऊ दे. मग डब्यांना.
भिंत शेवटी.

प्रत्येक शेडचे छप्पन्न आकडे गेले होते.
आलेखात ही एवढी फट.
दोन टोकं सरळ रेषेनं जोडायला एक ओळ पुरते,
ती लिहूनही झाली होती
तेवढ्यात फोन. रावसो खराडे, शेड नंबर चार:
"मॅडम, रात्री तुमच्या डब्यानं सांगितलं का काय?
तीनच्या सुमाराला ढग आलं,
माल हाताला चिकट लागाय लागला.
म्या उठून पडदं सोडलं समदं."

ती ओळ पुसली.
फटीच्या शेजारी एक नवी फाइल, साध्या अक्षरांत:
रात्री तीन. शेड चार. दमट.
मोजमाप: रावसो खराडे, उजव्या हाताची बोटं.

पाणी प्यायले,
आणि साठव म्हटलं.
सुडो लागलं नाही.