लाटांची उंची

लिएपायाच्या पोलीस ठाण्यात मला दिलेली खुर्ची
एका पायाने आखूड होती.
ओझोलाबाईंनी विचारलं, नवऱ्याचं नाव?
मी म्हटलं, कुठलं लिहिताय?

अकरा वर्षं तो तालिवाल्दिस होता,
जहाजावरचा डॉक्टर.
तीन महिने पाण्याचा, वीस दिवस माझा.
येताना आणायचा मार्सेचा साबण, लिस्बनची निळी फरशी,
एकदा मोठा गुलाबी शंख,
बुडाशी रीगाच्या बाजारातल्या किमतीची चिठ्ठी,
अर्धी खरवडलेली.
उरलेली मी नखाने काढली.
हे मी ओझोलाबाईंना सांगितलं नाही.

त्याच्या कोटाची बटणं मीच घट्ट करायचे,
सोनेरी, नांगर कोरलेली.
अस्तरावर शाईने लिहिलेलं : अंक २.
मला वाटलं, धोब्याची खूण.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, म्हणतात.
त्याला ते आणावंच लागलं नाही.
पैसे माझे होते.
आईची बाग विकली, सफरचंदाची सात झाडं,
पाण्याचा पंप, आणि ते बाक
ज्याच्यावर बाबा शेवटचं बसले होते.

बागेचं सोडा.
त्या हिवाळ्यात आई खोकत होती.
त्याने स्टेथोस्कोपची चकती तळहातावर चोळून गरम केली,
तिच्या पाठीला लावली, डोळे मिटले.
बराच वेळ ऐकलं.
"घराने ओल धरलीय," म्हणाला. "छाती साफ आहे."
आईने त्याच्यासाठी मोजे विणायला घेतले.
एक झाला.
दुसरा टाचेपर्यंत आला.

गल्लीतले लोक मला नावं ठेवतात :
एवढी वर्षं कळलं कसं नाही हिला?
ठेवोत.
मला त्याला ठेवायला एकसुद्धा धड नाव नव्हतं.
वेंट्सपिल्सच्या बाईकडे तो एदविन्स, पूल बांधणारा.
तिने फोनवर आधी पैशांचं विचारलं, मग घराचं,
मग जरा थांबून :
तुमच्याकडेही झोपेत 'रोझे' म्हणून हाक मारायचा?

मारायचा.
अकरा वर्षं मी त्या रोझेवर जळले.
केस पिंगट असणार तिचे,
असं का कोण जाणे, मी धरूनच चालले होते.

शेवटी कागदांतून निघाला एक मोदरिस
आणि लिथुआनियाच्या हद्दीलगतचं एक खेडं.
बस दिवसातून एकदा.
शेजारची म्हातारी दारात बीट सोलत होती,
कोपरापर्यंत लाल.
रोझे? ती बोळकं उघडून हसली.
अगं, गाय ती. पिंगट.
गाभण होती तेव्हा हे पोरगं रात्र रात्र गोठ्यात,
तिच्या पोटाला कान लावून.
बाप विचारायचा, काय रे डॉक्टर?
हे म्हणायचं, सगळं ठीक आहे.
एका सकाळी दोघीही थंडगार,
ती आणि आतली कालवड.
तिने सुरी पुसली.
नऊ वर्षांचं असेल तेव्हा.
बीट हवंय का तुला, पुष्कळ आहे.

परतीच्या बसमध्ये मी दया येण्याची वाट पाहिली.
पिशवीतल्या बिटांची माती मांडीवर सांडत होती.
दया आली नाही.
राग आला, आधीच्यापेक्षा वेगळा.
म्हणजे त्या दिवशी तो खरंच ऐकत होता.
सोंग नव्हतं ते.
आईच्या पाठीशी डोळे मिटून
त्याने काहीतरी ऐकलं, आणि ते काय आहे
हे त्याला कळलं नाही,
आणि तरी तो म्हणाला,
दुसऱ्यांदा.

ओझोलाबाईंचा परवा फोन आला.
तपास चालू आहे, म्हणाल्या. माणूस हातावर तुरी देऊन गेलाय.
मी खुर्चीबद्दल सांगितलं, पायाखाली पुठ्ठा घाला.

रात्री पावणेदहाला रेडिओवर समुद्राचं हवामान लागतं.
वारा पश्चिमेचा, लाटांची उंची दोन मीटर,
पहाटे धुकं.
त्याचं जहाज कधी नव्हतंच, हे ठाऊक असून
मी आवाज वाढवते.
असेल ना कुणीतरी पाण्यावर.