झील

कौतिका मोटघरेच्या मागे
एकोणतीस वर्षं मी झील धरली.
ओळ तिची, ओळीचं शेपूट माझं.
ती म्हणे, रेल गेली उमरेडले,
मी आणि खंजिरीवाला गुणवंत म्हणू,
उमरेडले, हो जी, उमरेडले.

गिटार अजनीच्या रेल्वे कॉलनीतली.
गार्ड वॉलेससाहेबाकडे ती भांडी घासायची,
चौदाची असेल.
संध्याकाळी साहेब व्हरांड्यात बसून आपल्या भाषेत गायचा,
ही हाताची राख न धुता ऐकायची.
"शब्द नाही समजे," सांगायची,
"पन कोनाची तरी गाय हरपली हाय,
कोनी तरी गाव सोडून चालला हाय,
अन् मंधात एक रेल हाय.
आमच्या कुहीत दुसरं काय होते?"

साहेब पर्थला गेला,
गिटार ठेवून गेला, तीन तारा तुटलेल्या.
उरलेल्या तिनांवर तिने जन्म काढला.
कोणी नव्या तारा आणून दिल्याच
तर त्यांनी ती भिंतीवर कॅलेंडर टांगायची.

पहिलं गाणं मायवर,
संत्रा मार्केटात तणसात बसून
सडकं फळ बाजूला काढणाऱ्या मायवर.
दुसरं छोट्या रेलवर, जी इतकी हळू
की माणूस उतरून बोरं तोडे आणि पुन्हा चढे.
तिसरं नवऱ्यावर. तो वायरमन.
रात्रीचे कार्यक्रम नको म्हणाला होता.
गाण्यात तो खांबावर चढलेला आहे
आणि खाली सगळ्या वस्तीत अंधार.
ऐकून आठ दिवस बोलला नाही.
नवव्या दिवशी त्यानेच माइकचं कनेक्शन ओढून दिलं.

रेडिओवर लोकगीतवाले म्हणाले, गिटार कशी चालेल?
सुगमवाले म्हणाले, ही भाषा कशी चालेल?
बाहेर ठेल्यावर तिने तर्री-पोहे खाल्ले,
तर्री दोनदा मागितली,
आणि मला म्हणाली, पेन दे.

कॅसेट एकच निघाली.
सीताबर्डीत, घड्याळाच्या दुकानावरच्या खोलीत,
मे महिन्यात, कूलर बंद करून.
गुणवंतला चक्कर आली तेव्हा पाच मिनिटं चालू केला,
म्हणून दुसऱ्या बाजूच्या चौथ्या गाण्यात
मागे पाणी टपकतं.
दसऱ्याला दीक्षाभूमीबाहेर
पुस्तकं आणि फोटोंच्या मधे सतरंजी टाकून
तिने स्वतः विकल्या. परभणीकडचा एक म्हातारा विचारत होता,
बाई, पार्टी कोणती?
"घरची."

मग एकदा जरीपटक्यात, वरातीत,
बँडवाल्यांनी छोटी रेल वाजवली.
आम्ही रस्त्याच्या कडेला, हातात भाजीची पिशवी.
मी ट्रम्पेटवाल्याला गाठलं, गाणं कोणाचं?
तो म्हणाला, कोणाचं म्हणजे? पारंपरिक आहे.
मला राग आला. ती मात्र हसत सुटली,
कोथिंबीर रस्त्यावर सांडेपर्यंत हसली,
"मी मेली काय बाप्पा?"
घरी पोचेपर्यंत पुन्हा एक शब्द नाही.

आता रूळ उखडले. गुणवंत नाही.
तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं,
आवाज डॉक्टरांकडे राहिला.
रविवारी मी जातो.
ती तीन तारा छेडते, ओठ हलवते,
मला खूण करते, तू म्हण.
आणि मला ओळी येत नाहीत.
एकोणतीस वर्षांत मी फक्त शेपटं पाठ केली:
उमरेडले. खांबावरी. तणसात.

ती ओठ हलवत राहते,
खोलीत काहीच ऐकू येत नाही,
शेजारी कोणाचा तरी कुकर.
मी अंदाजाने तोंड उघडतो, उमरेडले, हो जी,
ती गुडघ्यावर चापट मारते.
लवकर आलास.
ओळ अजून व्हायची आहे.