तिसरा मजला, डावीकडचं दार

लीथमध्ये, बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत,
एक अख्खी इमारत विकली गेली.
नव्या मालकाचा फोन नाही, मेल आला:
आठ दारं, आठही कुलपं, शुक्रवारच्या आत.

लोकांना वाटतं, कुलूप बदलतात म्हणजे कुलूप बदलतात.
बहुतेक वेळा तसं नसतं.
नळी काढायची, उताणी करायची,
तांदळाच्या कणीएवढ्या पितळी पिना
चिमट्याने वेचायच्या, दुसऱ्या उंचीच्या भरायच्या.
दार तेच, मूठ तीच,
मुठीवर अंगठ्याने झिजलेली जागाही तीच.
जुनी किल्ली आत जाते अजून,
अगदी ओळखीच्यासारखी जाते.
फक्त वळत नाही.

सात दारं सरळ गेली.
एका घरात विद्यार्थी होते. मिळाल्या होत्या तीन किल्ल्या,
परत केल्या पाच.

तिसऱ्या मजल्यावर इशबेल रेंडल.
एकोणीस वर्षं तिथंच, भाड्याने.
हाताचं पीठ पुसत म्हणाली, बदल बाबा, बदल.
तो पेटिग्रू न विचारता यायचा, मी कामावर असताना.
हीटरला हात लावून बघायचा, किती तापलाय.
एकदा लवकर परतले, तर खुर्ची कोमट.

मग जरा थांबून,
पण एर्लेंडकडे जुनीच आहे. माझा मुलगा.
बोटीवर असतो, शेटलंडच्या पलीकडे.
सांगून येत नाही कधी.
त्याची तेवढी चालू राहू दे.

करता येतं मला ते.
पिनांच्या मध्ये पातळ चकती ठेवली
की दोन्ही किल्ल्या वळतात.
एक चकती बोटाच्या टोकावर घेऊन दाखवली तिला.
म्हटलं, होईल. पण पेटिग्रूकडेही जुनी असणार.
घर विकलं म्हणून माणूस खिसे रिकामे करतोच असं नाही.
आणि कुलपाला दात कळतात,
हात कळत नाही.

चष्मा कपाळावर चढवून ती चकतीकडे बघत राहिली.
खाली जिन्यात कुणीतरी सायकल आपटली.
ठेव डबीत, म्हणाली.

पिना भरल्या. नव्या दोन किल्ल्या दिल्या.
तिने जुनीही घेतली, बाहेर गेली, दार ओढून घेतलं.
मी आत राहिलो, भाजत्या पावाच्या वासात,
खुंटीवरच्या पिवळ्या रेनकोटशेजारी,
तो तिच्या मापाचा नव्हता.
किल्ली शिरल्याचा आवाज आला. मग काही नाही.
पुन्हा, जोर लावून. काही नाही.
आता नवी लावेल, म्हणून मी अवजारं आवरायला घेतली.

तर तिने दार वाजवलं.
तीनदा, आणि थोडं थांबून चौथ्यांदा.

उघडलं.
स्वयंपाकघरात ऐकू आलं असतं का रे हे?
नळ चालू असताना?

म्हटलं, तुम्ही जा आत.
नळ सोडा.
मी वाजवतो.