फ्रुतोसचं नाक

फ्रुतोसचं नाक गेलं त्याला आता तिसरा हिवाळा.
ताप उतरला, खोकला थांबला,
नाक काही परत आलं नाही.
आधी म्हणायचा, कॉफीच भेसळीची येते हल्ली.
मग एकदा मसुराचं भांडं करपलं,
स्वयंपाकघर धुरानं भरलं
आणि हा शेजारी पेपर वाचत बसलेला.
त्या रात्री मी त्याला घाबरलेलं पाहिलं.

आमचं तळघर गावाबाहेर, टेकडीच्या पोटात.
एकोणचाळीस पायऱ्या. मी मोजते, तो मोजत नाही.
उतरताना मेणबत्ती गुडघ्याखाली धरायची,
ज्योत विझली तर तोंड न उघडता मागं फिरायचं.
सुगीत रस उकळतो तेव्हा खाली हवा मरते,
त्याचा चुलता असाच गेला, विसरलेली बादली आणायला.
फेब्रुवारीत तसली भीती नसते.
तरी धरतो.

आता तो ओततो आणि मी पिते.
जन्मभर मी याच्या वाइनला नुसतं ‘लाल’ म्हणत आले.
‘सांग.’
‘आलूबुखार.’
‘ते सगळेच म्हणतात. पुढे?’
‘ओल्या कुत्र्यासारखं काहीतरी.’
‘कुठलं कुत्रं?’
‘आपलं नाही. मेंढ्यांमागचं.’
खूश होतो. वहीत लिहून घेतो.

दोन हजार चारची:
चर्चमधलं झग्यांचं कपाट उघडावं तशी.
मेण, इस्त्री, थोडा उंदीर.
गारपिटीच्या सालची:
दात आंबले, हिरड्यांना लोकर चिकटली.
‘ठेव. मुरू दे.’
त्याचं सगळ्यावर हे एकच औषध.
सातुर्यो बायकोशी भांडून घरी आला, मुरू दे.
मी दोन दिवस बोलले नाही, मुरू दे.

मग त्यानं ब्याऐंशीची काढली.
आमच्या लग्नाच्या सालची, शेवटची.
बूच भुसा होऊन निघालं.
मेणबत्तीपुढं रंग धरला: जुनी वीट.
मी घोट घेतला.
गेली होती. पार आंबून गेली होती.

डॉक्टरच्या तोंडाकडे बघावं
तसा तो माझ्या तोंडाकडे बघत होता.
‘चेरी,’ मी म्हटलं. ‘तंबाखू.
तुझ्या वडिलांच्या कोटाचा आतला खिसा.’
‘आणि चव किती वेळ राहते?’
‘बराच.’
‘बराच म्हणजे?’
‘सगळ्या पायऱ्या चढून होईपर्यंत.’
त्यानं लिहिलं, सावकाश, ओळ वाकडी न होऊ देता.
उरलेली बाटली छातीशी धरून वर आणली.

गुरुवारी तित्तर करायला घेतले
तर व्हिनेगरची बरणी गळ्यापर्यंत भरलेली,
वर कागदाची पट्टी, त्याच्या अक्षरात:
ब्याऐंशी. पक्षी मुरवायला उत्तम.

मी काही बोलले नाही. कढईत लसूण टाकला.
हा पेपर वाचत होता.
‘करपतोय,’ म्हणाला.
मी दचकून वळले. त्याचं डोकंही वर नव्हतं.
‘तेलाचा आवाज बदलला,’ म्हणाला,
आणि पान उलटलं.