सहाही घरं

दौलतगंजात माझं दुकान. बाकावर रात्रभर
अकरा-बारा बॅटऱ्या बुडबुडत असतात,
वरणाला उकळी यायच्या जरा आधीचा आवाज.
माझ्या प्रत्येक पँटीला मांडीवर ॲसिडची बारीक भोकं.
वाळत घातल्या की अंगणात चाळणीतून ऊन पडतं,
असं बायको म्हणते.

जनकगंजचे मोघे जानेवारीत तिसऱ्यांदा आले.
धुकं इतकं, की आधी त्यांचा खोकला आला, मग ते.
"माल खोटा आहे तुमचा. आठ महिने नाही झाले.
रविवारी किल्ली फिरवतो, नुसतं टिक टिक.
गॅरंटीत बदलून द्या."

मी हायड्रोमीटर बुडवला.
आतला तरंगा तळाशी बसून राहिला,
हाका मारूनही न उठणाऱ्या पोरासारखा.
एक एक करून सहाही घरं पाहिली. सगळी सारखीच रिकामी.
एखादंच घर मेलं असतं तर माझा माल खोटा.
सहाही एकदम बसतात
तेव्हा कुणीतरी बॅटरी उपसलेली असते, थोडी थोडी, रोज.

"साहेब," म्हटलं, "ही एका दमात जोर लावणारी जात.
इंजिनाला एक धक्का दिला, की हिचं काम झालं.
प्लेटा पातळ असतात, पापडासारख्या.
पार तळापर्यंत उपसलं की त्यांच्यावर पांढरं धरतं.
लगेच भरलं तर बरंचसं सुटतं,
आठ दिवस तसंच ठेवलं तर त्याचा खडा होतो.
मग रात्रभर चार्जिंगला लावा, नाहीतर महिनाभर लावा,
गाळ बसलेल्या विहिरीत मावेल तेवढंच पाणी मावतं.
पहिल्यांदा उतरली तेव्हा हिचा एक उन्हाळा गेला.
आणि आपल्याकडचे उन्हाळे तुम्हाला ठाऊक आहेत.
बॅटरी मारतो मे महिना, नाव होतं थंडीचं."

"पण मी गाडीतला दिवा लावतच नाही," मोघे म्हणाले.

दोन रात्री सावकाश चार्ज करून
हरिओमला घेऊन बसवायला गेलो.
दोन खोल्या, मोठ्याने लावलेला टीव्ही, सुनेचं तान्हं,
भिंतीला टेकवलेल्या गाद्या.
गाडी बाहेर गल्लीत, कव्हर घातलेली,
पण ड्रायव्हरच्या बाजूचं कव्हर रोज उचलून उचलून मऊ झालेलं.

मागच्या सीटवर रबराचा चुरा.
पायदाणात गजकाचा कागद, चौकोनी घडी घातलेला.
काच पुसायला म्हणून मी तिच्यावर हा केलं
आणि माझ्या वाफेत कुणाचं तरी बोट उमटलं:
सत्तावीस, खोडलेलं.
सव्वीस, खोडलेलं.
पंचवीस, चोवीस. खाली तेवीस. ते खोडलेलं नव्हतं.

मग हिशोब आपोआप झाला.
दहा वॅटचा दिवा, रात्री पाच तास, सोमवार ते शनिवार.
रविवारी टिक टिक.

वर पाहिलं. गॅलरीत मोघ्यांची यामिनी उभी होती,
तोंडात ब्रश, हात थांबलेला.
डोळ्यांखाली तसंच सावट
जसं माझ्या बाकावरच्या दिव्याखाली माझ्या डोळ्यांना असतं.

वाफ विरली. काच मी पुसली नाही.

मोघ्यांना म्हटलं, "दिव्यात दोष होता.
आपोआप लागत होता रात्री. तुमची चूक नाही, माझीही नाही."
जुना बल्ब काढून खिशात टाकला,
एक वॅटचा एलईडी बसवला. पांढरा, जरा निर्दय उजेड,
पण अक्षरं स्वच्छ दिसतात त्यात.
"रविवारी भाजी आणून लगेच बंद करू नका.
गोले का मंदिरापर्यंत एक फेरी मारत जा."
एलईडीचे पैसे लावले नाहीत. ते त्यांना आवडलं नाही,
त्यांना वाटलं, मी काहीतरी लपवतोय.

खोटं मी दिव्याबद्दल बोललो,
बॅटरीबद्दल नाही. ते तोंडावर सांगितलं:
"ही पुढचा मे काढणार नाही. बाराशे-पंधराशे बाजूला काढून ठेवा,
उरलेले जुनी परत देऊन वळते करू."

तेवीस दिवस मात्र काढेल.
हे मी जरा मोठ्याने म्हणालो, गॅलरीकडे न बघता.

"तेवीस कुठून आले?" मोघे म्हणाले.

मी हरिओमला म्हटलं, क्लॅम्पला ग्रीस लाव.