दाराचा फळा

आमच्या शाळेला फळा नव्हता, दार होतं.
मालिखाफा बाई त्याच्यावरच लिहायच्या,
खडू संपला तर खिळ्यानं.
जुलैत बर्फाचं वारं सुटलं की दार लावून घ्यायच्या;
मग आम्ही आत, शेणाच्या धगीभोवती,
आणि सातचा पाढा बाहेर, एकटा, कुडकुडत.

गुराखी पोरं आम्ही. मेंढ्या खड्यांनी मोजायचो,
खडा हरवला तरी मेंढी हरवल्याचा मार खायचो.
बाई म्हणाल्या, आकडा खिशातून पडत नाही.
एवढंच. लांबण लावणं त्यांना जमायचं नाही.

पुढं त्या मोखोत्लोंगच्या शाळा-तपासनीस झाल्या,
पहिल्याच बाई.
खुर्ची आधीच्या साहेबांच्या मापाची,
पाय टेकेनात, खाली जुन्या हजेरीपटांचा गठ्ठा घेतला.
घोड्याचा भत्ता फक्त पुरुषांना, असं मासेरूहून पत्र आलं.
बाईंनी उलटटपाली विचारलं :
हे घोड्याला कळवलंय का?

शाळेत आल्या की हजर पोरांकडं बघायच्या नाहीत.
गुरुजी गाणं म्हणवून घेत, टेबलावर पीच मांडत,
बाईंचं बोट पटावर :
हा सेकोआला कुठंय? कुणाच्या मेंढ्यांमागं?
आणि शेरा लिहायच्या आधी
घोंगडीला टाचणी लावून डोंगर चढायला लागत.

सेकोआला म्हणजे मी.

शाळा आता पत्र्याची आहे, फळा हिरवा.
जुनं दार मी मेंढवाड्याला बसवलंय.
संध्याकाळी कडी लावताना हात फिरतो
खिळ्याच्या रेघांवर. सात सत्ते एकोणपन्नास,
तिथंच थांबलाय पाढा.
वारं सुटलं असणार.