शाई संपते ती जागा

कागजीपुऱ्यात हसीनुद्दीनच्या ओसरीवर
चिंध्या कुटायचं यंत्र थोडा वेळ बंद होतं.
जपानहून आलेल्या मित्सुएबाईंनी
सतरंजीवर ताव अंथरला,
कोपऱ्यांवर दौलताबादच्या घाटातले काळे खडे ठेवले,
आणि श्वास धरला,
सुईत दोरा ओवताना धरतात तसा.

मी तिथं मोडीवाला म्हणून.
पस्तीस वर्षं तहसिलीत: कुणाचा बांध, कुणाची विहीर,
कुणाच्या इनामात किती चिंचा.
हसीन म्हणाला, "साहेब, तुम्हाला वाकडंतिकडं वाचता येतं,
हे बी लागतंय का बघा."

नाही लागलं.
एक अक्षर नाही.
ओळी उजवीकडून उतरत गेल्या,
एक आखूड, एक लांब, एक तर मधूनच सुरू,
बारवेच्या पायऱ्या शेळ्या उतरतात तशा
ज्यांना कुणी हाकत नाही.

पण हात दिसला.
इथं शाई भरलेली, कागदानं पिऊन कड फुगवलेली.
इथून बारीक होत होत
चौथं, पाचवं, सहावं अक्षर, कुंचला न उचलता,
मग नुसती कोरडी खरड,
केस मोजून घ्यावेत कुंचल्याचे.
तिथं बाई थांबल्या नाहीत.
तिथंच, मला वाटतं, कविता होती.

"काय लिहिलंय?"
वेरूळचा दुभाषा पोरगा अडखळला.
"चंद्र... म्हणजे, नसलेला.
कुणीतरी यायचं होतं."

अर्धा ताव कोराच.
"एवढा वाया गेला," हसीन पुटपुटला.
मग स्वतःच मान हलवली,
"नाही. तेवढा माझा."

रात्री पेटीतलं खरेदीखत काढलं,
शंभरदा वाचलेलं.
आज वाचलं नाही, नुसतं पाहिलं.
आधी ओढलेली लांब रेघ, तिला लोंबत गेलेली अक्षरं,
'वंशपरंपरेने' शब्दात बोरू सुकलेला,
'वंश' फिका,
पुढचं सगळं गर्द.
म्हणजे इथं त्यानं दौतीकडे पाहिलं.
कुणी हाक मारली असेल, माशी बसली असेल,
पाठ अवघडली असेल.
शेवटी त्याचं नाव होतं; तिथंच नेमकी कसर लागली.

मी पस्तीस वर्षं बांध वाचले.

सकाळी हसीनला फोन केला. "दहा ताव ठेव."
"जाडा देऊ का पातळ?"
"पितो तो दे."